इर्जिकीचं जेवण

आमच्या सेवाकेंद्राच्या संचालकांना लोक देवमाणूस म्हणत. म्हणोत बापडे. माझं देवमाणसांशी काही वाकडं नाही. पण या देवमाणसानं माझ्या थोरल्या बहिणीचं रान घालवलं, तिचं भलं करता करता घालवलं, आणि आपण काय केलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. वाईट माणसानं हे केलं असतं, तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. चांगल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत. म्हणून इतकी वर्षं हे माझ्या पोटात राहिलं आहे.

लढाई नुकती संपली होती तेव्हाची गोष्ट. मी टाकलेली बाई. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला माहेरच्या दारात सोडून बैलगाडी वळवली. माहेरी भावजयीची बोलणी खात राहण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून हातपाय हलवले. व्हर्नाक्युलर फायनल झालेली होते, तेवढ्या जोरावर सांगलीला सेविकांच्या वर्गात जागा मिळाली. हळदीच्या पेठेच्या मागच्या बाजूला एका वखारीच्या माडीवर तो वर्ग भरायचा. खाली दिवसभर हळदीची पोती आपटायची आणि वर आम्ही पिवळे पदर सावरत ग्रामसुधारणा शिकायचो. खतखड्डा कसा खणावा, बाळंतिणीची खोली कशी असावी, वगैरे. शिकवायला येणारे सगळे शहरातले, आणि सगळ्यांचा सूर एकच, की खेड्यातल्या माणसाला काही म्हणता काही कळत नाही. आम्ही खेड्यातल्याच बाया माना खाली घालून ते ऐकत असू.

संचालकही पुण्याचे, पण ते वेगळे निघाले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुम्ही खेड्याला शिकवायला जात नाही, शिकायला जाता आहात. लोकांजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. ते आपल्या कामात आणा. त्यांचं त्यांना परत द्या." हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या माणसांबद्दल कुणी शिकलेला माणूस असं बोललेलं मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. त्यांचं त्यांना परत द्यायचं तर आधी ते त्यांच्याकडून काढून घ्यावं लागतं, हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. कुणाच्याच आला नसता.

माझी नेमणूक येरळाकाठच्या एका गावी, तिथल्या सेवाकेंद्रात झाली. आमच्या आक्काला त्याच गावात दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, पलटणीत होते. लढाईत ते आफ्रिकेला गेले आणि तिकडेच संपले. घरी तार आली, एक पेटी आली, पेटीत एक कांबळं आणि दाढीचं सामान. पोटी मूल नाही. मागं राहिलं ते चार एकर काळं रान.

त्या रानाचं सांगायला हवं. दाजी पलटणीत जायच्या आधी दोघा भावांनी वाटणी केली होती, पण तोंडी. चार माणसांसमोर मध्ये बांध घातला, अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. कागद कुणी केला नाही. बांध हाच कागद. असल्या वाटणीत एक गोष्ट न बोलता ठरलेली असते, की ज्याचा नांगर त्या रानात दरसाल फिरतो त्याचं ते रान. एखादं साल नांगर फिरला नाही, रान पड राहिलं, की भावकीचे डोळे तिकडे वळतात. थोरले दीर तसे तोंडानं गोड. "येकटी बाय मानूस, कशाला जिवाचा आटापिटा करतीया," एवढंच म्हणायचे, पण ज्याला त्याला म्हणायचे. बैलांच्या दोन जोड्या त्यांच्या दावणीला होत्या. आक्काच्या दावणीला एक शेळी.

तरीही दाजी गेल्यावरची पहिली दोन वर्षं आक्काचं रान पिकलं, ते इर्जिकीवर.

इर्जिक म्हणजे काय हे आजच्या माणसांना सांगावं लागेल. एकट्याच्यानं उरकणार नाही असं काम असलं, की गाव एक दिवस त्याच्या रानात उतरतं. नांगर, बैल, माणसं, सगळी आपापली. मजुरी नाही, आणि पुढं कधी फेडायचंही नाही. रानाच्या धन्यानं फक्त सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. हे 'फक्त' म्हणते आहे खरी, पण सगळी मेख त्यातच आहे. कारण इर्जिक मागायची नसते. "माझं काम करा" असं कुणी म्हणत नाही. आक्का काय करायची, तर मारुतीच्या देवळात बसणाऱ्या म्हातारबाच्या उंबऱ्यावर गुळाचा खडा आणि सुपारी ठेवायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि म्हणायची, "येत्या आईतवारी जेवाया या." झालं. म्हातारबा सुपारी कनवटीला लावायचा आणि गावात सांगायचा, की आईतवारी धाकल्या सुनंकडं जेवान हाय. लोक जेवायला यायचे. येताना नांगर घेऊन यायचे, जणू वाटेत सापडला म्हणून.

पहिल्या साली मी आक्काकडं राहायला गेले होते, तेव्हा ती इर्जिक डोळ्यांनी पाहिली होती. हरळी माजलेलं रान, आणि त्यात एकामागं एक नांगर. मांगवाड्यातला हलगीवाला बांधावरून हलगी घुमवत पुढं पुढं जात होता, औतामागची माणसं भलरी म्हणत होती. आणि आक्का? आक्का लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीशी हुकूम सोडत होती. ह्याला पाणी न्या, त्या बैलांना वैरण टाका, पोळ्या झाकून ठेवा. दुपारी पंगत बसली तेव्हा बापय माणसं तिला हाक मारून म्हणत होती, "मालकीण, आमटी आना की हिकडं!" विधवा बाई, सकाळी कुणाच्या वाटेत आली तर तोंड फिरवायचे लोक. त्या दिवशी ती मालकीण होती. घेणारी नव्हती, घालणारी होती. उपकार कुणी कुणावर केले हे कुणाला सांगता आलं नसतं, आणि ते सांगता येऊ नये अशीच त्याची बांधणी होती.

सगळं गोजिरवाणं होतं असंही मला म्हणायचं नाही. ज्याच्या हलगीवर बैलांची पावलं पडत होती, तो हलगीवाला पंगतीपासून लांब, बांधाच्या पलीकडं बसला होता. त्याच्या पानात वरून वाढलं. तो मला नंतर हसत म्हणाला होता, "ताई, हलगी आमची बाटत न्हाई, हात तेवढा बाटतोय." हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संचालकांना इर्जिक दिसली ती तिसऱ्या साली, दुसऱ्याच कुणाच्या रानात. सायकलवरून चालले होते, हलगी ऐकून उतरले आणि तासभर उन्हात उभे राहिले. केंद्रात आले ते न्हाऊन आल्यासारखे. "हे आपण पुस्तकांत शोधतो आहोत आणि ते इथं नांगरामागं चाललेलं आहे!" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. काही मनाला भिडलं की डोळे मिटायची त्यांना सवय होती. त्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्यांना बऱ्याचदा दिसत नसे.

आठवड्याच्या आत त्यांनी देवळात गाव जमवलं आणि इर्जिक मंडळ काढलं. काय ते भाषण! हे तुमचं धन आहे, जगाला शिकवावं असं आहे, पण ते विस्कळीत आहे, त्याला शिस्त लावली पाहिजे. गाव ऐकत होतं. स्वतःची इतकी स्तुती ऐकायची गावाला सवय नव्हती, माणसं अवघडून बसली होती. मग संचालक म्हणाले, "आजवर इर्जिक कुणाला मिळे? ज्याची ओळखपाळख, ज्याच्या घरी जेवण घालण्याइतकं धान्य. यापुढं ती गरजूला मिळेल. ज्याला गरज आहे त्यानं इथं सर्वांसमोर उभं राहून मोकळेपणानं आपली अडचण सांगायची. मंडळ विचार करील." आणि लगेच दुसरं म्हणाले, "पंगतीला सगळे एका ओळीत बसतील. महारवाडा, मांगवाडा, सगळे."

देवळातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पायरीखाली हलगीवाला बसला होता, त्यानं मान वर केली.

हे दुसरं संचालक अगदी बरोबर बोलले. मी तेव्हाही तसंच म्हणत होते, आजही म्हणते. पण गावही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतं. थोडा वेळ गेला आणि आक्काचे थोरले दीर उठले. पागोटं सारखं केलं, हात जोडले. "सायेब, तुमचं म्हननं लाखाचं हाय. पर दिस कसलं हायती? सरकारच्या लेव्हीनं दानं न्हेलं. घरात चूल पेटायची मारामार. असल्या दिसांत गरजू मानसानं गावाला जेवान घालायचं मंजी त्येला आनी खड्ड्यात घालायचं. म्या म्हंतो, जेवानच नगं."

"खरंच की! व्हय, व्हय, जेवानच नगं!" एकदम पाचपंचवीस तोंडं बोलली. अशी एकी मी त्या गावात कधी पाहिली नव्हती.

आणि आमचे संचालक हरखले. "पाहा," मला म्हणाले, "काटकसरीचा विचार लोकांमधूनच आला!" पंगतच उठली, मग एका ओळीत बसायचा प्रश्नही उठला. सभा सुटल्यावर हलगीवाला माझ्याजवळून गेला. "बगितलं का ताई," तो म्हणाला, "आमी बरूबर बसू म्हून गावानं जेवनावरच पानी सोडलं." त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, देवळातल्या शेंबड्या पोराला कळलं होतं. ज्याला कळायला हवं होतं तो डोळे मिटून बसला होता.

केंद्रात परत आल्यावर मी भांडले. गप्प बसले नाही, एवढं तरी मला माझ्याबद्दल म्हणता येतं. मी म्हणाले, "जेवण काढू नका. जेवण म्हणजे खर्च नव्हे. बाई जेवायला घालते म्हणून तिला मान वर ठेवून माणसं घेता येतात. जेवण काढलंत तर ती मागणारी होईल."

ते म्हणाले, "मागण्यात कमीपणा काय आहे?"

"तुम्हाला नसेल. तुम्ही कधी मागितलं नाही."

हे जरा जास्तच झालं असावं. पण ते रागावले नाहीत. रागवायचेच नाहीत ते. मायेनं म्हणाले, "तुझी बहीण आहे म्हणून तुझं मन गुंतलेलं आहे, ते मी समजू शकतो. पण आपण व्यक्तीच्या पलीकडे पाहायचं आहे." मला त्या क्षणी त्यांची सायकल विहिरीत टाकावीशी वाटली.

चैत्र सरत आला. गावातली नांगरट होत आली होती आणि आक्काच्या रानात हरळी तशीच. तिनं मंडळाचं काही मनावर घेतलं नव्हतं. वर्षभर डाळ आणि गूळ जपून ठेवलेला होता. एक दिवस ती पदर सावरून म्हातारबाकडं गेली, मीही बरोबर गेले. उंबऱ्यावर गूळ-सुपारी ठेवली आणि नेहमीचं म्हणाली, "येत्या आईतवारी जेवाया या."

म्हातारबानं सुपारीकडं बघितलं, उचलली नाही. "पोरी," तो म्हणाला, "आता मंडळ झालंया. जेवान बंद केलंय. तू मंडळाला सांग की."

"बाबा, मंडळ कालचं. ही सुपारी तुमी कवापासनं घेताय?"

"व्हय गं. पर उद्या समद्यांनी मला धरलं तर? तू आपली मंडळाला सांग." आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

माझा राग संचालकांइतकाच त्या म्हातारबावर आहे, आणि गावावरही आहे. आम्ही भोळे, आम्हाला पुण्याच्या माणसानं फसवलं, असं आता कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. एका विधवेच्या रानात दरसाल बैल झिजवायचे, तेही तिच्या थोरल्या दिराचा डोळा त्या रानावर असताना, हे पुष्कळांना जड जातच होतं. पण दारात आलेली सुपारी नाकारायला तोंड नव्हतं. नाकारणारा माणूस गावात हलका झाला असता. मंडळानं त्यांची ती अडचण दूर केली. आता नाही म्हणायची गरजच नव्हती, मंडळाला सांग म्हटलं की झालं. चार घरी गेलो, चारही घरी हेच ऐकलं. एका घरी तर चहा देऊन ऐकवलं.

आक्का घरी येऊन सुपारी हातात घेऊन बसली. मी म्हणाले, "नको जाऊस त्या मंडळात. मी सांगलीहून काही बघते, भाड्यानं बैल..."

"कुनाचं बैल? थोरल्यांस्नी डावलून भाड्यानं बैल द्याया कोन बसलाय हितं?" मग ती म्हणाली, "म्या मंडळात हुबी ऱ्हायले तर काय हुईल, तुला म्हाईत हाय न्हवं?"

मला माहीत होतं. थोरल्या दिरासमोर आमच्याकडची सून बसत नाही, बोलत नाही. तिनं सगळ्या गावासमोर उभं राहून मदत मागायची म्हणजे, माझ्या सासरच्यांनी मला वाऱ्यावर सोडलं, असं चव्हाट्यावर म्हणायचं. त्याहून वाईट म्हणजे, रान माझ्यानं होत नाही हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. थोरले दोन वर्षं जे लोकांच्या कानात सांगत होते, तेच.

"मग कशाला जातेस?"

"रान पड ऱ्हायलं तरी जानारच हाय. मागून तरी बगते."

सभा संध्याकाळी देवळात भरली. संचालक मुद्दाम आले होते, कारण मंडळापुढं येणारी ही पहिलीच बाई. आक्का खांबाला लागून उभी राहिली, पदर नाकापर्यंत. मी तिच्या मागं. संचालक इतक्या आर्जवानं बोलत होते, की तेवढ्यापुरतं मलाही वाटलं, कदाचित होईल चांगलं.

"बोला ताई. संकोच करू नका. ही सगळी तुमचीच माणसं आहेत."

"रान नांगरायचं हाय," आक्का म्हणाली.

"बरं. अडचण काय आहे?"

"बैल न्हाईत."

"आणि?"

आक्काचं सांगायचं ते सांगून झालं होतं. एखाद्या शहाण्या माणसानं तिथं थांबवलं असतं. पण संचालकांना अडचण पूर्ण हवी होती, नीट, मोकळेपणानं. "म्हणजे तुम्हाला एकटीला ते जमत नाही, असंच ना? स्पष्ट सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

खांबाच्या मागं मला तिचा हात दिसत होता. त्या हातानं खांब धरून ठेवला होता. ती म्हणाली, "व्हय. माझ्यानं हुत न्हाई."

थोरले तेवढ्याचीच वाट बघत होते. उठले, या वेळी पागोटं काढून हातात घेतलं. आवाजसुद्धा भरून आला त्यांचा, खोटा म्हणवत नाही इतका. "मंडळी, समद्यांनी ऐकलं. आमच्या घरची लक्षुमी आज देवळात हुबी ऱ्हाऊन मागाया लागली, ह्यो दोस माझा हाय. धाकला आसता तर ही येळ आली नसती. तिच्यानं हुत न्हाई, तर मी कशाला हाय? गावाला तरास नगं. आजपासनं त्ये रान मी कसतो. तिला दोन येळचं मी घालीन. मारुतीसमोर सांगतो."

"ब्येस! ब्येस बोललास गड्या!" गाव सुटल्यासारखं झालं. कुणाचेच बैल झिजणार नव्हते.

मी ओरडले, "आधी आक्काला विचारा की! तिला पाहिजे का ते?" संचालकांनी माझ्याकडं न बघता हात खाली करून मला बसायची खूण केली. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "हेच," ते म्हणाले, "हेच मी शोधत होतो. बाहेरून कुणी काही केलं नाही. प्रश्न कुटुंबानंच सोडवला."

घरी जाताना आक्का एकच वाक्य बोलली. "माझ्या तोंडानं म्हनाया लावलं गं." तिच्या आवाजात रडू नव्हतं. मी मात्र रस्त्यात रडले, रागानं.

थोरल्यांनी शब्द पाळला. रान कसलं. पहिल्याच दिवशी मधला बांध नांगरून टाकला, बैलांना वळायला अडचण होते म्हणून. आक्काची चूल त्यांच्या चुलीत गेली. डाळ आणि गूळही गेला. दोन वेळचं जेवण तिला मिळायचं, ते रांधायचीही तीच. खुरपणीला त्याच रानात ती बायकांच्या ओळीत बसायची. थोरली जाऊ बांधावर उभी राहून सगळ्यांवर नजर ठेवायची, तिच्यावरही. ज्या लिंबाखाली तिनं पंगत वाढली होती, त्या लिंबाखाली ती भाकरी सोडून खायची. मी केंद्रातून सुटून कधी गेले तर तिच्याशेजारी बसायची. आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलायचो.

मी काम का सोडलं नाही, असं मला पुढं एकदोघांनी विचारलं. टाकलेल्या बाईला काम सोडून कुठं जायचं असतं हे त्यांनी सांगितलं नाही. सांगलीला संचालकांची भाषणं व्हायची, तीही मी ऐकली. त्यांत 'येरळाकाठची एक विधवा' यायची. ती धीर करून सभेत उभी राहते, आणि तिच्या शब्दांनी दिराचं मन द्रवतं. दर भाषणात दिराचं मन जास्त जास्त द्रवायला लागलं. ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. मी मागच्या रांगेत नखं खात बसायची.

वर्ष फिरलं आणि बाहेरची पाहुणे मंडळी केंद्र बघायला येणार असं ठरलं. पुण्याची, सांगलीची, दोन बायाही त्यांत. पाहुण्यांना इर्जिक दाखवायची. कुणाच्या रानात? रस्त्यालगतचं, सोयीचं, मोठं रान थोरल्यांचं. बांध मोडल्यापासून ते खरंच मोठं झालं होतं. मंडळानं सभा घेतली नाही, अडचण कुणी विचारली नाही. गरजूबिरजू सगळं विसरलं. नांगर आले, हलगी आली. आणि पाहुणे येणार म्हणताना जेवणही परत आलं! लेव्ही तीच, धान्याची टंचाई तीच, पण पोळ्यांचा बेत ठरला. रांधायला आक्का.

एका ओळीची पंगत व्हायचीच, असा संचालकांनी या वेळी हट्ट धरला. चांगलं केलं. पण पानं मांडली आणि गावच्या बड्या माणसांना एकेक उपास आठवायला लागले. कुणाचा सोमवार, कुणाचा नवसाचा, एकाचं तर पोटच बिघडलं. थोरल्यांचा सोमवार होता. ओळीत बसले ते पाहुणे, संचालक आणि महारवाड्यातली-मांगवाड्यातली चार माणसं; मी वाढायला. हलगीवाल्याच्या शेजारी पुण्याची एक बाई बसली होती. त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गावाचे डोळे पाठीवर घेऊन कुणाच्या उतरला असता?

त्या पुण्याच्या बाई मनानं साध्या होत्या. आक्का आमटीचं भगुलं घेऊन ओळीतून आली, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "फार छान झालंय सगळं. हे शेत कुणाचं हो?"

संचालक थोरल्यांकडं हात करून सांगणार, तेवढ्यात आक्का बोलली. थोरले दीर दहा हातांवर लिंबाखाली बसलेले. त्यांच्यासमोर ती आयुष्यात दुसऱ्यांदा बोलली. पदर या वेळी नाकापर्यंत नव्हता.

"इर्जिकीत ज्यो जेवाया घालतो त्येचं रान आसतंय, बाई. जेवान मी घालतीया." आणि तिनं त्यांच्या द्रोणात आमटी ओतली.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. थोरले उठतील, ओरडतील, निदान कुणाचा तरी चेहरा उतरेल.

थोरले मोठ्यानं हसले. "म्हंजी काय! समदं तिचंच हाय की!" आणि संचालकांनी डोळे मिटले. "ऐकलंत?" ते पाहुण्यांना म्हणाले. "केवढी आपुलकी! माझं-तुझं उरलेलंच नाही. हे पुस्तकं वाचून येत नाही." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हलगीवाल्यानं तेवढी मान खाली घातली.

पाहुणे उन्हं कलायच्या आत मोटारीनं गेले. माणसं पांगली, बैल गेले. आम्ही दोघी बहिणी मागं राहून राखेनं भांडी घासत होतो. हात न थांबवता आक्कानं विचारलं, "त्येस्नी कळलं का गं, म्या काय म्हनलं त्ये?"

मला खोटं बोलवलं नाही. मी म्हणाले, "त्यांनी टाळ्या वाजवल्या, आक्का."

"मंजी न्हाई कळलं," ती म्हणाली, आणि भगुलं पालथं घालून तिनं दुसरं घासायला घेतलं.